पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब

बाईच्या खेळाची बातमी आपल्यापर्यंत येते ती पदक मिळाल्यावर. मग फोटो छापले जातात, सत्कार होतात, बक्षिसांच्या घोषणा होतात. पदक हुकलं की चार ओळीही येत नाहीत. पण खेळणं हे अनेक बायकांचं रोजचं काम आहे, पोट भरण्याचं साधन आहे. त्या कामाला मजुरी असते किंवा नसते, करार असतो, नोकरी जाण्याची भीती असते, बाळंतपणाची रजा मिळते किंवा मिळत नाही. शेतमजूर, विडी कामगार, घरकामगार बायकांच्या श्रमांबद्दल स्त्री-चळवळीने पुष्कळ लिहिलं, मोर्चे काढले, कायदे मागितले. खेळाडू बाईची गणना मात्र ‘आदर्शां’मध्ये होते, कामगारांमध्ये होत नाही. तिच्याकडे कामगार म्हणून पाहिलं तर काय दिसतं, ते या लेखात मांडायचं आहे.

उदाहरण मुद्दाम दूरचं घेतलं आहे, कारण त्यात हा प्रश्न अगदी उघडा दिसतो. मायुको हागिवारा ही जपानची, रस्त्यावरच्या शर्यतींतली व्यावसायिक सायकलपटू. जन्म १९८६चा, गुन्मा प्रांतातल्या माएबाशी शहरातला. शिक्षण कानोया इथल्या शारीरिक शिक्षणाच्या राष्ट्रीय विद्यापीठात. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या रस्त्यावरच्या शर्यतीत ती जपानतर्फे उतरली. २०१३पासून चार हंगाम ती ‘विगल होंडा’ या संघात होती. (२०१६पासून या संघाचं नाव ‘विगल हाय फाइव्ह’ झालं.) स्वतः सायकलपटू असलेल्या रोशेल गिल्मोर या ऑस्ट्रेलियन बाईने हा संघ उभा केला होता. जुलै २०१५मध्ये इटलीतल्या ‘जिरो रोझा’ या दहा दिवसांच्या शर्यतीत हागिवाराने सहावा टप्पा जिंकला. त्रेसिव्हिओ ते मोर्बेन्यो हा आल्प्सच्या कुशीतला टप्पा. ती एकटी पुढे निघाली आणि एकटीनेच शेवटची रेषा ओलांडली. या शर्यतीचा टप्पा जिंकणारी ती पहिली जपानी खेळाडू.

तिच्याबद्दल कुठेही वाचलं तरी हीच एक ओळ सापडते. माझा प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. चार हंगामांतला एक दिवस जिंकण्याचा, मग बाकीचे शेकडो दिवस ती काय काम करत होती?

रस्त्यावरची शर्यत टीव्हीवर पाहताना वाटतं की शंभरएक जणी ज्या त्या आपल्यासाठी पळताहेत आणि जी सर्वांत दमाची ती जिंकते आहे. प्रत्यक्षात हा सांघिक खेळ आहे. सायकलपटूची मोठी लढाई वाऱ्याशी असते. पुढच्या सायकलच्या अगदी मागे, तिच्या आडोशाला राहिलं तर मागचीची सुमारे तिसरा हिस्सा ताकद वाचते. त्यामुळे प्रत्येक संघात आधीच ठरतं की ताकद कोणाची वाचवायची आणि कोणाची खर्च करायची. एक किंवा दोन जणी पुढारी ठरतात. बाकीच्या त्यांच्यापुढे राहून वारा अंगावर घेतात. मागे संघाच्या गाडीपाशी जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, खिशांत मावल्या नाहीत तर जर्सीत पाठीकडे खुपसून आणतात. पुढारी बाईचं चाक पंक्चर झालं आणि गाडी मागे असली तर स्वतःचं चाक काढून देतात. दुसऱ्या संघाची कोणी पुढे निसटली तर तिचा पाठलाग करून दमतात, आणि शेवटच्या काही किलोमीटरांत, जेव्हा सगळे कॅमेरे पुढच्यांवर लागतात, तेव्हा बाजूला होतात. निकालपत्रात त्यांचं नाव साठाव्या किंवा ऐंशीव्या क्रमांकावर असतं.

अशा मदतनीस खेळाडूला सायकलिंगमध्ये ‘डोमेस्टिक’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा साधा अर्थ घरगडी, घरातला नोकर. टूर द फ्रान्सच्या सुरुवातीच्या वर्षांत शर्यतीचा संस्थापक आँरी देग्रांज याने दुसऱ्याला मदत करणाऱ्या एका खेळाडूला हिणवण्यासाठी तो वापरला आणि तो कायमचा चिकटला. जपानी सायकलपटू त्याऐवजी ‘असिस्ट’ हा इंग्रजी शब्द वापरतात, तो कानाला जरा बरा लागतो. शब्द कोणताही असो, काम कोणत्या जातीचं आहे हे या पानांच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्याला पुढे जाता यावं म्हणून पाणी भरायचं, वारा अडवायचा, आणि कोण जिंकलं याच्या नोंदीत आपलं नाव नसायचं.

२०१५च्या त्या शर्यतीत ‘विगल होंडा’ची पुढारी होती अमेरिकेची मारा अॅबट. ती आधी दोनदा ही शर्यत जिंकलेली, त्या वर्षी एकूण क्रमवारीत दुसरी आली. पहिली आली नेदरलँड्सची आना व्हान डेर ब्रेखेन. दहा दिवस अॅबटला दुसऱ्या क्रमांकावर टिकवण्यासाठी संघातल्या बाकीच्या जणींनी जे केलं ते कुठल्याही तक्त्यात नोंदलेलं नाही. हागिवाराचा विजय महत्त्वाचा आहेच. पण तिची कारकीर्द त्या एका विजयाने मोजली तर तिच्या कामाचा फार मोठा भाग आपण पुसून टाकतो, आणि ज्या मदतनीस बाईच्या वाट्याला असा एकही दिवस आला नाही तिची कारकीर्द तर झालीच नाही असं ठरतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मदतीचं काम हलकं आहे असं मला म्हणायचं नाही. ते कौशल्याचं काम आहे. वारा कुठून येतो, घोळका कधी फुटणार, पुढारी बाईला केव्हा खायला-प्यायला हवं, हे सगळं तिला कळावं लागतं. पुरुषांच्या शर्यतींतही हेच काम चालतं आणि ते करणारे पुरुष अनेक वर्षं आपल्या संघात मानाने राहतात. फरक आहे तो मोबदल्यात. पुरुषांच्या वरच्या श्रेणीतल्या संघांना किमान वेतनाचं बंधन फार आधीपासून होतं. बायकांच्या कोणत्याही संघाला ते २०२०पर्यंत नव्हतं. म्हणजे हागिवारा युरोपात शर्यती करत होती त्या सगळ्या काळात, जगातल्या सर्वांत वरच्या महिला संघानेही खेळाडूला अमुक इतका पगार दिलाच पाहिजे असा नियम आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वहीत नव्हता. एखादा संघ चांगला पैसा देई, एखादा फक्त सायकल, कपडे आणि प्रवासखर्च देई. दोन्हीकडच्या खेळाडू त्याच रस्त्यावर, तेवढेच किलोमीटर, तोच वारा झेलत चालवत होत्या आणि दोघींनाही ‘व्यावसायिक’ म्हणत होते.

ही तफावत आकाशातून पडलेली नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६च्या पहिल्या खेळांपासून आहे. बायकांची आली १९८४ला, लॉस एंजेलिसमध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं बाईने रस्त्यावर सायकल शर्यत करणं ही ऑलिंपिकच्या लेखी गोष्टच नव्हती. टूर द फ्रान्सच्या आयोजकांनी १९८४मध्ये बायकांची शर्यत सुरू केली आणि १९८९नंतर ती बंद केली. २०१४ला एका दिवसाची शर्यत ठेवली, आणि अनेक टप्प्यांची शर्यत परत आली ती २०२२मध्ये. बायकांसाठी दार उघडायचं, मग खर्च परवडत नाही म्हणून लावून घ्यायचं, मग पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा उघडून त्याला ‘इतिहास घडला’ म्हणायचं, अशी ही रीत आहे.

खुद्द जपानमध्ये ही रीत आणखी ठळक दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या उभारणीसाठी पैसा हवा म्हणून १९४८ साली कोकुरा इथे ‘केइरिन’ सुरू झालं. केइरिन म्हणजे गोल ट्रॅकवरची, प्रेक्षकांनी पैजा लावायची व्यावसायिक सायकल शर्यत. पुढच्याच वर्षी बायकांचं केइरिन सुरू झालं. पन्नासच्या दशकात सहाशेहून जास्त बायका त्यात नोंदलेल्या होत्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात सहाशे बायका पायांच्या बळावर कमावत होत्या, ही लहान गोष्ट नव्हे. पण पैजांचा पैसा पुरेसा येत नाही म्हणून १९६४मध्ये ते बंद केलं गेलं. त्याच वर्षी तोक्योत ऑलिंपिक भरलं आणि जगाला नवा जपान दाखवला गेला. बायकांचं केइरिन परत आलं २०१२च्या जुलैत, हिरात्सुकाच्या ट्रॅकवर, तेहतीस खेळाडूंना घेऊन. त्याला नाव दिलं ‘गर्ल्स केइरिन’. पुरुषांचं ते नुसतं ‘केइरिन’. तिथल्या काही खेळाडू तिशी-चाळिशीच्या बायका आहेत, तरी त्या मुलीच.

म्हणजे हागिवारा ज्या काळात घडली, त्या काळात जपानी बाईला सायकल चालवून देशातच पोट भरायचं तर धंदाच अस्तित्वात नव्हता. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तर युरोप गाठण्याला पर्यायच नव्हता, आणि आजही फारसा नाही.

तिच्या जन्मवर्षाबद्दलही एक नोंद करावीशी वाटते. १९८६च्या एप्रिलपासून जपानमध्ये समान रोजगार-संधीचा कायदा लागू झाला. बाई म्हणून नोकरीत भेदभाव करू नये असा त्याचा हेतू. मोठ्या कंपन्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी नोकरीच्या दोन रांगा केल्या. एक ‘सोगोशोकु’, म्हणजे बढतीच्या, निर्णयाच्या जागा. दुसरी ‘इप्पानशोकु’, म्हणजे कारकुनी, साहाय्यकाच्या जागा. कागदावर दोन्ही सर्वांना खुल्या. प्रत्यक्षात पहिल्या रांगेत पुरुष आणि दुसऱ्या रांगेत जवळजवळ सगळ्या बायका. कागदपत्रं लावणं, पाहुण्यांना आणि साहेबांना चहा देणं, आणि लग्न झालं की निघून जाणं ही त्यांच्याकडून अपेक्षा. चहाचा ट्रे आणि पाण्याच्या बाटल्या यांत मला फार अंतर दिसत नाही. काम गरजेचं असतं, त्याच्यावाचून कार्यालय किंवा संघ चालत नाही, आणि तरीही ते ‘मदत’ या सदरात टाकलं की त्याची किंमत आपोआप खाली येते. जपानमध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या बायकांची कमाई पुरुषांपेक्षा आजही सुमारे एकपंचमांशाने कमी आहे.

हागिवाराच्या पाठोपाठ गेलेल्या एरी योनामिनेची कारकीर्द या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. ती १९९१ची, ओसाका प्रांतातल्या साकाईची. आधी टेनिस खेळायची, त्सुकुबा विद्यापीठात शिकली, सायकलकडे उशिरा वळली. देशातली अजिंक्यपदं अनेकदा जिंकली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत सतरावी आली. त्याच वर्षी ती एका फ्रेंच संघात दाखल झाली. २०१८मध्ये ब्रिटिश संघ, २०१९पासून इटालियन, २०२१मध्ये अमेरिकन, असा तिचा प्रवास. वाचताना हे पर्यटनासारखं वाटतं. पण २०१८चा तिचा संघ म्हणजे तोच ‘विगल हाय फाइव्ह’, आणि तो त्या वर्षाच्या अखेरीला बंद झाला.

सायकलिंगमध्ये तिकीटविक्री नसते, रस्ता सर्वांना मोकळा असतो. संघ चालतो तो प्रायोजक कंपनीच्या पैशावर. कंपनीने पुढच्या वर्षी जाहिरातीचा खर्च कमी करायचं ठरवलं की संघातल्या सगळ्या खेळाडू, यांत्रिक, मालिश करणाऱ्या बायका एकदम रस्त्यावर येतात. पुढारी बाईला दुसरा संघ लगेच उचलतो, कारण तिचे विजय लोकांसमोर असतात. मदतनीस बाईने काय दाखवायचं? तिच्या कामाची नोंदच नाही. परदेशी खेळाडूचा राहण्याचा परवानाही बहुधा कराराशी बांधलेला असतो. गिरणी बंद पडल्यावर कोणाला आधी आणि कोणाला कायमचं घरी बसावं लागतं, याचा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना हे गणित नवं नाही.

आता २०२१च्या तोक्यो ऑलिंपिककडे येऊ. त्या वर्षी फेब्रुवारीत आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी म्हणाले की समितीत बायका जास्त असल्या की बैठका लांबतात. जगभर टीका झाली, देशातल्या बायकांनी ती लावून धरली, आणि त्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आल्या सेइको हाशिमोतो. त्या स्वतः सात ऑलिंपिक खेळलेल्या, चार हिवाळी स्केटिंगमध्ये आणि तीन उन्हाळी ट्रॅक सायकलिंगमध्ये. अध्यक्षपदी बाई आली, तीही सायकल चालवलेली बाई. पण शर्यतीचा आराखडा आधीच ठरला होता. पुरुषांना २३४ किलोमीटर, बायकांना १३७. पुरुषांच्या मार्गात फुजी पर्वताच्या उतरणीवरचा चढ आणि मिकुनी घाट, बायकांच्या मार्गात दोन्ही नाहीत. पुरुषांच्या शर्यतीला १३० जागा, बायकांच्या शर्यतीला ६७. वरच्या खुर्चीत बाई बसल्याने खालचा तक्ता आपोआप बदलत नाही, हे आपण महिला सरपंचांच्या बाबतीत पाहिलं आहेच.

त्या शर्यतीत योनामिने एकविसावी आली. सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या आना कीसेनहोफरला मिळालं. ती गणिताची संशोधक, तिचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता. सुरुवातीलाच पुढे निघाली आणि शेवटपर्यंत सापडली नाही. वर्तमानपत्रांनी लिहिलं, हौशी बाईने व्यावसायिकांना हरवलं. गोष्ट छान आहे आणि तिचं कर्तृत्व मोठंच आहे. पण मला त्या मथळ्यातला ‘व्यावसायिक’ हा शब्द खटकतो. त्या ६७ जणींपैकी कितीजणी आपल्या पगारावर घर चालवू शकत होत्या? गणिताच्या नोकरीवर जगून जी बाई सायकल चालवते तिला हौशी म्हणायचं, आणि साठवलेल्या पैशांवर किंवा घरच्यांच्या आधारावर जगून जी युरोपात पूर्णवेळ सायकल चालवते तिला व्यावसायिक म्हणायचं, ही भाषा वस्तुस्थिती झाकते.

बदल झालाच नाही असं नाही, आणि तो कसा झाला हे आपल्या उपयोगाचं आहे. २०१७च्या अखेरीस तीन सायकलपटू बायकांनी ‘द सायक्लिस्ट्स अलायन्स’ ही महिला खेळाडूंची संघटना काढली. त्यांतली इरिस स्लॅपेंडेल नेदरलँड्सची, कार्मेन स्मॉल अमेरिकेची आणि ग्रेसी एल्विन ऑस्ट्रेलियाची. त्यांनी आधी एक साधं काम केलं. खेळाडू बायकांना विचारलं, तुम्हाला पैसे किती मिळतात, करार वाचायला मिळतो का, नोकरी करून खेळता का. म्हणजे पाहणी केली, आकडे गोळा केले आणि ते जाहीर मांडले. आपले गट वस्तीपातळीवर जे करतात तेच. २०२०पासून सर्वांत वरच्या श्रेणीतल्या महिला संघांना किमान वार्षिक वेतन बंधनकारक झालं. पहिल्या वर्षी १५,००० युरो, आणि वाढत वाढत २०२३मध्ये ३२,१०२ युरो. त्याबरोबर बाळंतपणाची रजा आली, तीन महिने पूर्ण पगारी आणि पुढचे पाच महिने अर्ध्या पगारी.

या रजेचं मोल समजण्यासाठी ब्रिटनच्या लिझी डाइग्ननचं उदाहरण पुरेसं आहे. २०१८मध्ये तिला मुलगी झाली. रजेचा नियम तेव्हा यायचा होता, पण एका नव्या संघाने ती गरोदर असतानाच तिच्याशी करार केला. २०२१च्या ऑक्टोबरात दगडी रस्त्यांवरची, बायकांसाठी पहिल्यांदाच झालेली पॅरिस–रुबे शर्यत तिने जिंकली. पुरुषांची पॅरिस–रुबे १८९६पासून आहे. डाइग्ननला आयोजकांकडून पहिल्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं १,५३५ युरो, पुरुष विजेत्याला ३०,००० युरो. तेच दगड, तोच चिखल. डाइग्नन आधीच विश्वविजेती होती म्हणून तिला गरोदरपणी करार मिळाला. बाटल्या वाहणाऱ्या बाईला तो मिळावा म्हणून नियम लागतो. ठरावीक वयात मूल झालं की बायका नोकरीबाहेर पडतात आणि पुढे कमी पगारावर परततात, हे जपानमध्ये इतकं सार्वत्रिक होतं की तिथल्या बायकांच्या रोजगाराच्या आलेखाला इंग्रजी ‘एम’ अक्षराचा आकार आला होता. रजेचा नियम हा त्या खड्ड्यावरचा पूल आहे.

पण पूल अर्धाच बांधला आहे. २०२३ची रक्कम म्हणजे पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या संघांचं किमान वेतन. बाईची पहिली श्रेणी ही पुरुषाच्या दुसरीच्या बरोबर. आणि बंधन वरच्या श्रेणीला. २०२५पासून मधली एक श्रेणी केली आहे, तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या संघांना किमान वेतनाचं बंधन नाही. जपानसारख्या देशातून पहिल्यांदा युरोपात येणारी मुलगी बहुधा याच तळाच्या पायरीवर उभी राहते. भाषा येत नाही, ओळख नाही, घर हजारो मैलांवर. तिला सर्वांत जास्त संरक्षणाची गरज आणि तिलाच ते नाही. २०२२च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये विजेतीला ५०,००० युरो मिळाले, पुरुषांच्या विजेत्याला ५,००,०००. आठ टप्पे आणि एकवीस टप्पे असा फरक आहे, हे मान्य. पण आठाला एकवीसने भागलं तर एकदशांश येत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बायकांच्या शर्यती कोणी पाहत नाही, मग पैसा कुठून येणार. हा युक्तिवाद उलटा करून पाहावा. शर्यत दाखवलीच नाही तर पाहणार कोण? आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०पासून महिलांच्या वरच्या शर्यतींना किमान ४५ मिनिटं थेट प्रक्षेपणाची अट घातली. जिरो रोझा, म्हणजे हागिवाराने टप्पा जिंकलेली तीच शर्यत, त्या वर्षी ही अट पाळू शकली नाही आणि २०२१मध्ये तिला खालच्या श्रेणीत टाकलं गेलं. जगातल्या मोठ्या शर्यतींत गणली जाणारी ही महिला शर्यत ४५ मिनिटं दाखवायची तयारी तिच्याच आयोजकांनी केली नव्हती. आणि २०२२ला महिलांची टूर दाखवली, तेव्हा फ्रान्सच्या गावोगावी रस्त्यांच्या कडेला माणसं दाटीने उभी होती. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, हे बायकांच्या बाबतीत फार वेळा खोटं ठरलं आहे.

या सगळ्याशी आपला काय संबंध, असं एखादी मैत्रीण विचारेल. ‘डोमेस्टिक’ या शब्दाचा अर्थ घरकामगार असा आहे, आणि महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना जे मिळतं त्याला सरकार वेतन म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतं. वेतन म्हटलं की हक्क येतो, मानधन म्हटलं की उपकार. सायकल शर्यतीतल्या बाईला वर्षानुवर्षं ‘संधी’ दिली जात होती, पगार नव्हे. मान, संधी, सेवा, मदत हे शब्द बाईच्या कामाभोवती जमले की त्यांच्या आडून पैसा कुठे गेला ते पाहायला हवं.

म्हणून मला तीन गोष्टी म्हणायच्या आहेत. पहिली, किमान वेतन आणि बाळंतपणाची रजा सर्व श्रेणींतल्या महिला संघांना लागू झाली पाहिजे. ज्या संघाला ती परवडत नाही त्याने स्वतःला व्यावसायिक म्हणू नये. दुसरी, मदतनीस खेळाडूच्या कामाची नोंद झाली पाहिजे. किती वेळ तिने घोळका ओढला, कोणासाठी ओढला, हे आज यंत्रांनी मोजता येतं. सायकलवर शक्तिमापक बसवून प्रत्येक पायडलचा आकडा संघ आपल्यापाशी ठेवतोच. तो आकडा तिच्या पुढच्या कराराच्या वेळी तिच्या हातात असला पाहिजे. तिसरी गोष्ट आपल्यासाठी. खेळाडू बाईचा सत्कार ठेवताना तिला ‘तुझं यशाचं रहस्य काय’ असं विचारण्याऐवजी, तुला पगार मिळतो का, करार आहे का, तुझ्याबरोबर खेळणाऱ्या बाकीच्या मुली काय करतात, हे विचारावं. सत्कारात हे प्रश्न अवघडवाणे वाटतील. तरी विचारावेत.

हागिवाराने २०१५च्या त्या दुपारी मोर्बेन्योत जे मिळवलं ते तिचं आहे, ते कोणी काढून घेत नाही. पण तिच्या कारकिर्दीचा आदर करायचा तर त्या एका दिवसाबरोबर बाकीचे दिवसही धरले पाहिजेत, आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या ज्या बायका एकही टप्पा न जिंकता वर्षानुवर्षं वाऱ्यात पुढे राहिल्या त्याही धरल्या पाहिजेत. त्यांनी वाहिलेल्या बाटल्यांचा हिशेब अजून बराच बाकी आहे.